पडसाद आधी येतो

देवेशने टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढला आणि मागच्या धुळीत गुडघे टेकले. धूळ लाल होती. कारापुरात रस्त्याकडेच्या घरात दुसऱ्या रंगाची धूळ नसते. खनिजाचे ट्रक दिवसभर जातात आणि जाता जाता प्रत्येक घरात आपला वाटा ठेवून जातात. आज रविवार, ट्रक बंद, म्हणूनच तर त्याच्या वडिलांनी, गोकुळदासांनी, आजचा दिवस धरला होता.

“जालें?” गोकुळदासांनी खुर्चीतून विचारलं.

“मातशे रावा, बाबा. चित्र येतलें. आवाजाचें पळयतां.”

हे “मातशे रावा”, म्हणजे जरा थांबा, तीन रविवार चाललं होतं. जत्रेतल्या नाटकाची अठरा वर्षांपूर्वीची कॅसेट कपाटात पडून होती. देवेशने म्हापशाच्या एका दुकानातून ती कॉम्प्युटरवर घालून आणली. पहिल्या रविवारी त्याने तिची सीडी काढली, तर डीव्हीडी प्लेअरने ती तोंडात घेतली, दोन मिनिटं चावली आणि बाहेर टाकली. दुसऱ्या रविवारी पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला. टीव्हीने त्यातले देवेशच्या लग्नाचे सगळे फोटो एकामागून एक दाखवले, नाटकाचं नाव मात्र फिकट अक्षरांत तसंच राहिलं, दाबलं तरी उघडेना. तिसऱ्या रविवारी लॅपटॉपच टीव्हीला जोडला. निळ्या टोकाच्या जाड वायरीतून चित्र आलं, पण आवाज लॅपटॉपमध्येच राहिला, डासाएवढा. मोठ्या पडद्यावर गोकुळदास तलवार उपसताहेत आणि आवाज मेजावरच्या डब्यातून येतोय, हे काही त्यांना पसंत पडलं नाही. आज देवेशने डिचोलीच्या बाजारातून आवाजाची वेगळी वायर आणली होती.

घाई एवढ्यासाठी की गावच्या नाट्यमंडळाला पन्नास वर्षं झाली होती आणि स्मरणिका छापायला जायची होती. मंडळाची चिटणीस सुविधा, शाळेत शिकवणारी मुलगी, वही घेऊन समोर बसली होती. गोकुळदासांवर दोन पानं ठरली होती. मथळाही ठरला होता: प्रॉम्प्टर न घेणारा नट.

गोकुळदास बाहत्तर वर्षांचे, वीज खात्यातून निवृत्त. त्याआधी एकवीस वर्षं जत्रेच्या नाटकात मुख्य भूमिका त्यांची. त्यांना विंगेतून एकही शब्द लागत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण गोकुळदासांनी ते सगळ्यांना सांगितलं होतं. बाकी आयुष्यात त्यांनी फारशी फुशारकी मारली नव्हती. खात्यात बढती एकदाच मिळाली, घर वडिलांनी बांधलेलं. स्वतःचं म्हणावं असं हे एकच होतं आणि ते आता छापून येणार होतं. कालपासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

स्वयंपाकघरात त्यांची बायको विनोदिनी पातळभाजी ढवळत होती. शेजारची शांता मागच्या दाराने पाव घेऊन आली होती.

“तूंय बस गो भायर,” विनोदिनी म्हणाली. “नाटक पळय.”

“म्हजें कितें काम थंय? तांचें तोंड खंय दिसतलें तातूंत?”

त्यात नवऱ्याचं तोंड कुठे दिसणार, हे ती रागाने म्हणाली नाही. तिचा नवरा मधुकर हा मंडळाचा प्रॉम्प्टर. पोस्टात कामाला होता आणि जत्रेच्या रात्री विंगेत स्टुलावर बसून, हातात वही धरून, सगळं नाटक वाचायचा. पडद्यापुढे तो कधी आला नाही. जाहिरातीच्या कागदावर मांडववाल्याचं नाव असे, दिवाबत्तीवाल्याचं असे, याचं नसे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. शांताकडे त्याचा एक फोटो होता, ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला, त्यात तो कोणाच्याही नवऱ्यासारखा दिसत होता.

“आयलो!” देवेश टीव्हीमागून ओरडला.

पडद्यावर किल्ल्याचा रंगवलेला दरवाजा आला आणि त्याच्यापुढे किल्लेदाराच्या वेषात गोकुळदास. चोपन्न वर्षांचे, पण रंगाने आणि मिशीने तिशीत आणलेले. विनोदिनी हात पुसत बाहेर आली आणि पगडी बघून हसली. गोकुळदासांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते ताठ बसले होते.

टीव्हीतून आधी खरखर आली. मग एक खालचा, स्वच्छ आवाज म्हणाला:

“या दरवाज्यातून शत्रू आत येईल, तो माझ्या प्रेतावरून.”

आणि किल्लेदाराने छाती काढून गर्जना केली, “या दरवाज्यातून शत्रू आत येईल, तो माझ्या प्रेतावरून!”

“आवाज दोनदां येता,” देवेश म्हणाला. “वायर सैल आसतली.” त्याने वायर काढली, फुंकली, परत लावली.

“फितुरांना क्षमा नाही,” खालचा आवाज म्हणाला.

“फितुरांना क्षमा नाही!” किल्लेदार म्हणाला.

“पडसाद पडता,” देवेश म्हणाला. “सेटिंगांत कितें तरी जालां.” तो लॅपटॉपवर वाकून एकेक चौकोन उघडू लागला. पोरगा पणजीत बँकेत होता, यंत्रावर त्याचा पुरा भरवसा. दोष असेल तर यंत्रातच असेल आणि सापडेलच, असं त्याला वाटत होतं.

सुविधाने वहीवरून मान वर केली. “पण देवेशदादा, पडसाद आदीं कसो येता?”

टीव्हीतला आवाज म्हणाला, “डाव्यान वच. डाव्यान रे, गोकुळ.” किल्लेदार थांबला, वळला आणि डावीकडे गेला.

विनोदिनीला तेव्हा आठवलं. व्हिडिओवाला साखळीहून आला होता. मांडवात मोकळा प्लग एकच, तो विंगेत, प्रॉम्प्टरच्या दिव्याजवळ. त्याच्या माईकची वायर आखूड, म्हणून त्याने माईक तिथेच, मधुकरच्या स्टुलाला बांधला. कॅसेट घरच्यांनी एकदाच पाहिली होती, ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांच्या व्हरांड्यात, चाळीस माणसांत. जो तो स्वतःला ओळखून ओरडत होता, नाटक कोणाला ऐकू आलं? हे सगळं गोकुळदासांनाही आठवलं असणार, कारण त्यांचे कान लाल झाले.

“आवाज बंद कर,” ते म्हणाले.

“बाबा, मातशे रावा, हांव पळयतां...”

“वायर बरी ना ती. काड. नुसतें चित्र पळोवया.”

देवेशने वायर ओढली. किल्लेदार तोंड उघडू-मिटू लागला. सुविधाचं पेन वहीवर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. ती चांगल्या घरची मुलगी, काय करावं ते न कळून तिने मथळ्याखालची रेघ आणखी एकदा ओढली.

“देवेश.”

शांता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पावांची पिशवी तशीच.

“परत लाय रे पुता. तो तांचो आवाज.”

सहा वर्षांत तिने तो ऐकला नव्हता. पुन्हा कधी ऐकू येईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. माणूस गेला की त्याचा आवाजही जातो हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं. आता तो दोन हातांवर, शेजाऱ्याच्या टीव्हीत होता आणि एका वायरीने बंद केला होता.

देवेशने वडिलांकडे पाहिलं. गोकुळदास सुविधाच्या वहीकडे बघत होते. त्यांना वाईट वाटत होतं, लाजही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मधुकरचा रागही आला होता: इतकी वर्षं विंगेत मुकाट बसला आणि आता, मेल्यावर, तोंड उघडलं! त्यांनी धोतराची नीट असलेली निरी पुन्हा नीट केली.

“लाय,” ते म्हणाले.

पुढे सव्वा तास नाटक चाललं. घरातले पाचही जण ते बघत होते आणि ऐकत होते भलतंच. मधुकर वाचत होता. एकसुरी, शांत, प्रत्येक वाक्य किल्लेदाराच्या अर्धा श्वास आधी. मधेमधे तो पुस्तकात नसलेलंही बोले. “सावकाश, घाय नाका.” “कमरपट्टो सुटलो पळय.” एके ठिकाणी किल्लेदार साफ अडला. मधुकरने ते वाक्य तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा आवाज तेवढाच, चढला नाही की त्रासला नाही. किल्लेदाराने कपाळावर हात मारून ती वेळ दुःखात घालवली आणि त्या वर्षी याच जागेला टाळ्या पडल्या होत्या.

मरणाच्या प्रवेशात मधुकरला शिंक आली. “राव रे, राव,” तो कुजबुजला, शिंकला, नाक ओढलं, आणि मग म्हणाला, “आता माझे डोळे मिटताहेत.” तोवर किल्लेदार डोळे सताड उघडे ठेवून वाट बघत होता. शांता हसली. पदर तोंडाला लावून हसली, मग रडली, आणि तिथेच दारात खाली बसली. विनोदिनीने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. भाजी खाली लागल्याचा वास आला तरी कोणी उठलं नाही.

गोकुळदासांचे ओठ हलत होते. पडद्यावरच्या स्वतःबरोबर नव्हे, त्या खालच्या आवाजाबरोबर. त्यांच्याकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं.

पडदा पडला. टाळ्या झाल्या, मग चित्र काळं झालं. देवेशने बंद करायला हात पुढे केला.

“राव,” शांता म्हणाली.

माईक चालूच होता. बाकं ओढल्याचे आवाज आले, कोणीतरी हातोडी मागितली. मग एक जण जवळ येऊन म्हणाला, “कितें रे मधू, घसो बसलो मरे तुजो! गोकुळान बरोच ताप दिलो न्हय?”

“ना रे,” मधुकर म्हणाला. घसा खरंच बसला होता. “ताका सगळें पाठ. हांव आपलो म्हाकाच वाचतालों.”

टक्क झालं आणि फाईल संपली.

खोलीतल्या प्रत्येकाचा जीव भांड्यात पडला. देवेशने वायरी गुंडाळायला घेतल्या. सुविधाचा चेहरा उजळला, ती खरोखरच खूश झाली.

“म्हणजे काका, तुम्हांला पाठच होतं! ते नुसतेच स्वतःसाठी वाचत होते. मग मथळा तसाच ठेवते. वाटल्यास हे त्यांचं वाक्यही घालते.”

“घाल,” विनोदिनी घाईने म्हणाली. “घाल गो.”

शांतानेही मान हलवली. तिच्या माणसाची साक्ष निघाली होती, तिला ती खरी करायची होती. “ते केन्नाच खोटें उलोवंक नात,” ती म्हणाली.

आता गोकुळदासांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्यांनी ते करूनही पाहिलं, थोडा वेळ. रस्त्यावरून कोणाची तरी स्कूटर गेली.

“म्हजेखातीर खोटें उलयलो,” ते म्हणाले. “एकवीस वर्सां उलयलो.”

सुविधाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग वहीकडे.

“ती दोन पानां ताचेर बरय,” गोकुळदास म्हणाले. ‘ताचेर बरय’ म्हणजे त्याच्यावर लिही, एवढं सांगताना त्यांचा आवाज किल्लेदाराचा नव्हता, वीज खात्यातला होता. “पुराय नांव शांतावयनीक विचार. म्हाका ताच्या बापायचें नांव केन्नाच याद रावंक ना.”

सुविधा वही घेऊन दाराशी गेली आणि शांतासमोर जमिनीवर बसली. शांताने विनोदिनीकडे पाहिलं. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती कार्ड पुढे करायची.

तिने पदर सारखा केला आणि सांगितलं. सुविधाला ते ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.