बायपास नको, स्लीव्हच करा

माझं वजन एकशे एकवीस किलो आहे, हे वणीतल्या निम्म्या लोकांले माहीत आहे. उरलेले निम्मे अंदाज लावतात, अन् तो एकशे एकवीसच्या वरचाच असते. पंचायत समितीत आवक-जावक माझ्याकडं आहे. दिवसभर माणूस येते, आधी मले पाहते अन् मग कागद देते. त्याची सवय झाली बाप्पा. पण मागच्या पोळ्यानंतर माझ्या डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला, अन् मले माझी आई आठवली. कळंबले असायची. शुगरनं गेली. आधी तिचा अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. शेवटच्या वर्षी पलंगावर बसून म्हणायची, "शुभदा, मले एकदा चिंतामणीच्या देवळापर्यंत चालवत ने." नाही नेता आलं. आता माझीही शुगर गोळ्यांनी दोनशेच्या खाली येत नव्हती. मले माझे दोन्ही पाय पाहिजे होते, बस. बारीक दिसायची हौस केव्हाच मेली होती.

ऑपरेशनचं गुंजननं काढलं. गुंजन माझी पोट्टी, एकोणीस वर्षांची, यवतमाळले फार्मसी शिकते. नागपूरचे एक सर्जन दर दुसऱ्या शनिवारी यवतमाळच्या एका दवाखान्यात येतात, त्यांचा नंबर तिनंच लावला. आमच्याकडं डॉक्टरकडं एकटं कोणी जात नाही. सर्दी झाली तरी तीन माणसं सोबत, अन् तिघंही आत. मी, माझा नवरा नीळकंठ, सासूबाई अन् गुंजन, असे चौघं त्या डॉक्टरच्या पुढं ओळीनं बसलो. सासूबाईंनी तर मांडीवर डब्याची पिशवी घेतली होती.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायची कला होती. कागदावर पोट काढलं. म्हणाले, "दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली स्लीव्ह. पोटाचा मोठा भाग उभा कापून काढायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. सोपं आहे, वेळ कमी लागतो. पण ज्यांना ॲसिडिटी जास्त आहे त्यांची ती वाढू शकते. दुसरी बायपास. वर एक छोटी पिशवी करायची अन् खालचं आतडं आणून तिला जोडायचं. शुगरसाठी हे जास्त चांगलं. जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्या लागतात, तपासण्या कराव्या लागतात. तुमची शुगर आणि छातीतली जळजळ पाहता मी बायपास सुचवीन."

मी मान हलवली. गुंजननं वहीत लिहून घेतलं.

"सिगारेट, तंबाखू, खर्रा, काही?" डॉक्टरांनी कागदावरून मान न उचलताच विचारलं. "खरं सांगा हं. बायपासमध्ये जिथे जोड असतो तिथे तंबाखूनं जखम होते. ती फुटली तर माणूस जातो. स्लीव्हलाही तंबाखू वाईटच, पण बायपासमध्ये जास्त."

एका बाजूले सासूबाई, एका बाजूले नवरा, समोर पोरगी वही घेऊन.

"नाही," मी म्हटलं. "छे! आमच्याकडं कोणीच नाही."

आता सांगते ते नीट ऐका. मी सहा वर्षांपासून खर्रा खाते, पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना चोळून करतात तो. दिवसाले तीन पन्न्या, कधी चार. चांगल्या घरची, सरकारी नोकरीतली बाई, हळदीकुंकवाले पैठणी नेसून जाणारी, अन् गालात खर्रा! सुरुवात कशी झाली म्हणाल तर डाएटनं. तेव्हा मी सकाळी एक पोळी अन् काकडी खाऊन ऑफिसात यायची. दुपारी भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी. आमच्या ऑफिसात बिजलीबाई शिपाई आहे, ती जेवण झालं की पन्नी चोळत बसायची. एक दिवस मीच हात पुढं केला. "मॅडम, तुमचं काम नव्हे हे," ती म्हणाली होती. मी ऐकलं नाही. चिमूटभर गालात धरला, डोकं गरगरलं, अन् भूक अशी गेली जशी कधी लागलीच नव्हती. त्या महिन्यात माझं चार किलो वजन उतरलं. नंतर ते परत चढलं, वर सहा किलो घेऊन आलं. खर्रा मात्र राह्यला. घरी आली की बाथरूममध्ये. लग्नकार्यात गाडीत बसून. तोंडात बडीशेप, वेलची, वरून आणखी वेलची. कोणाले कळलं नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. मनातल्या मनात.

त्या शनिवारी घरी आलो तेव्हापासून डॉक्टरांचं एकच वाक्य डोक्यात होतं. ती फुटली तर माणूस जातो. ताटावर बसली तरी तेच, आंघोळीले गेली तरी तेच. सोमवारी सोडायचा प्रयत्न केला. दीड दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका सरपंचाच्या अंगावर फाईल भिरकावली अन् बिजलीबाईच्या हातातली पन्नी ओढून घेतली. मग मी माझं डोकं चालवलं. आपलं डोकं कसं चालते पाहा! खर्रा सोडणं जमत नाही, सांगणं तर त्याहून जमत नाही, तर मग ऑपरेशनच बदलू.

पुढच्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी मी जाहीर केलं. "मले बायपास नको. स्लीव्हच करते."

गुंजन उडालीच. "काहून? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं ना आई! तुझी शुगर..."

"ते आतडं-बितडं जोडायचं मले भेव वाटते. सोपं ते बरं."

"अन् ॲसिडिटी?"

"ती गेली," मी ठोकून दिलं. "आठ दिवस झाले, काहीच नाही." आदल्या सांजेलेच मी सोडा पिऊन उशा तीन लावून बसली होती.

मले वाटलं होतं, नीळकंठ भांडंल. हा माणूस शाळेत गणित शिकवते, भाजीवाल्याशीही मुद्द्यावर येते. पण तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे. स्लीव्हच बरी." कपाकडं पाहून म्हणाला. सासूबाईंनीही री ओढली, "हाव ना बाप्पा, जितकं कमी कापलं तितकं चांगलं. बाईच्या जातीले कायले पाहिजे ते जोडकाम?" पुण्याहून दीर चारुदत्तचा फोन आला, त्यालेही नीळकंठनं तेच सांगितलं, "आमचं स्लीव्हचं ठरलं." पाच मिनिटांत कारभार आटोपला. मले हलकं वाटलं. कसं वाटलं नसतं? मी म्हटलं, किती समजूतदार माणसं आहेत माझी.

एकटी गुंजन भांडत राह्यली. रोज यवतमाळहून फोन. "आई, मी सरांले विचारलं. आई, तुझ्यासारख्या केसमध्ये बायपासच. आई, आजीचा पाय विसरली का?" शेवटी मी तिच्यावर ओरडली, "तू डॉक्टर आहे का? गोळ्या बांधायले शिकून राह्यली अन् मले शिकवते!" फोन ठेवल्यावर मी रडली. पोरीचं म्हणणं खरं होतं अन् मीच तिले तोडून टाकलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिसात बिजलीबाईनं मले पन्नी दिली नाही. पदरात धरून ठेवली.

"मॅडम, डॉक्टरले सांगितलं का?"

"तुले काय करायचं?"

"माझ्या भावजयचं तोंड खर्ऱ्यानं आता एक बोट उघडते. भाकर कुस्करून पाजाव लागते तिले." ती माझ्याकडं रोखून पाहत होती. "तिनंही कोणाले सांगितलं नव्हतं. मी तुमच्या पाया पडते, सांगा. नाही तर हे पाप माझ्या माथी बसंल, मीच दिला होता तुम्हाले पहिला."

"गप बस," मी म्हटलं. दुसऱ्या ठेल्यावरून मागवला.

शनिवारी पुन्हा चौघं, पुन्हा ती खोली. मधल्या काळात दुर्बिणीनं पोट तपासून झालं होतं, तो रिपोर्ट डॉक्टरांपुढं होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

"तुम्ही फोनवर स्लीव्ह सांगितलीत. पण तुमची अन्ननलिका खालून चांगलीच भाजलेली आहे. यात स्लीव्ह केली तर तुम्ही रोज रात्री बसून झोपाल. शुगरचंही काम अर्धंच होईल. मला कळत नाही, स्लीव्ह का?"

"आमचं घरचं ठरलं आहे," नीळकंठ म्हणाला.

"सर, पोट यांचं आहे."

"तरी पण... स्लीव्हच करा. बायपास नको." नीळकंठच्या कपाळावर घाम होता. डिसेंबरात. "बायपासमध्ये ते... रिस्क आहे ना."

"यांना कसली रिस्क? काही व्यसन नाही, हार्ट चांगलं आहे."

सासूबाई पिशवीची गाठ सोडून परत बांधत होत्या. अन् गुंजन रडायले लागली. मोठ्यानं नाही, नुसतं नाक ओढत. "सर, तिले समजावून सांगा ना," ती म्हणाली. "माझ्या आजीचा पाय असाच गेला. माझं कोणी ऐकतच नाही घरात."

मी तिच्याकडं पाह्यलं. पोरगी माझ्यासाठी एकटीच लढून राह्यली होती, अन् मी तिले खोटं पाडत होती.

"मी खर्रा खाते," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. मग थांबता आलंच नाही. "सहा वर्षं झाली. दिवसाले तीन-चार. मागच्या वेळी खोटं सांगितलं. म्हणून मी स्लीव्ह म्हणते. ॲसिडिटीही आहे. भयंकर आहे."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता सासूबाई कपाळावर हात मारतील, नीळकंठ उठून बाहेर जाईल. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर दोघंही खाली पाहत होते. एकट्या गुंजनचं तोंड उघडं राह्यलं होतं.

मले कळायले थोडा वेळ लागला.

"तुम्हाले माहीत होतं?" मी नीळकंठले विचारलं.

सासूबाईच बोलल्या, अगदी हळू. "अवं, धुण्यातून पन्न्या कोण काढते रोज? मीच ना? चार वर्षं झाली."

"अन् तुम्हाले?"

"तुझ्या ओढणीले वास येते," नीळकंठ म्हणाला. "मले वाटलं, विचारलं तर तुले लाज वाटंल."

"डॉक्टर मागच्या वेळी म्हणाले, जखम फुटली तर माणूस जातो. तुम्ही माझ्या बाजूले बसले होते. ऐकलं होतं ना?"

"म्हणूनच तर मी स्लीव्हले हाव म्हटलं, शुभदा. तूच म्हणाली, मले वाटलं सुटलो. आईलेही तसंच वाटलं असंल. कोणाले काही बोलाव लागलं नसतं."

म्हणजे माझं पोट कसं कापायचं, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं. एकमेकांशी एक शब्द न बोलता. पोरगी जीव तोडून सांगत होती, अन् आम्ही तिघं शहाणी माणसं चहा पीत चुकीचं ऑपरेशन पसंत करत होतो, साडी पसंत करावी तसं.

"लाज वाटली असती," मी म्हटलं. "वाटली असती ना लाज! मेली तर नसती!"

डॉक्टरांनी मध्येच पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मग स्लीव्ह लिहिलेला कागद फाडला. शांतपणे म्हणाले, "आज काहीच ठरवायचं नाही. तीन महिने खर्रा पूर्ण बंद. सोडायला औषध देतो, समुपदेशक आहेत खाली. लघवीत तंबाखू कळतो, तपासूनच पुढं जाऊ. मग बायपास. शुगरसाठी तोवर इन्सुलिन सुरू करू." मग तोंड उघडायले लावलं. तीन बोटं उभी जायले पाहिजेत म्हणे. माझी अडीच गेली. "हे दातांच्या डॉक्टरांना दाखवा," ते म्हणाले. "वेळेवर सांगितलंत."

वेळेवर!

बाहेर आलो. ओपीडीत बाकड्यांवर बसायले जागा नव्हती. गुंजन माझा हात धरून उभी होती, बाप अन् आजीकडं पाठ करून. मी तिले म्हटलं, "माफ कर मले." ती म्हणाली, "तीन महिने मी रोज वणीहून अप-डाऊन करते. तुझ्याजवळ राहते. यांच्या भरवशावर मी तुले ठेवत नाही." नीळकंठनं हे ऐकलं. त्याचं तोंड पाहवलं नाही, पण मले त्याची दया आली नाही. सासूबाई जवळ येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "झालं ते झालं. आता बाहेर कोणाजवळ बोलू नको. पोरीचं लग्न व्हायचं आहे."

तेवढ्यात नीळकंठचा फोन वाजला. पुण्याहून चारुदत्त.

"हाव, झालं दाखवून," नीळकंठ म्हणाला. "नाही रे, स्लीव्ह पुढं गेली. डॉक्टरले तारीख नाही म्हणते, लय गर्दी आहे. तीन महिन्यांनी..."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. तो देत नव्हता, ओढूनच घ्यावा लागला.

"भाऊजी, मी शुभदा," मी म्हटलं. "गर्दी-बिर्दी काही नाही. मी खर्रा खाते. सहा वर्षं झाली. म्हणून ऑपरेशन थांबवलं."

बाकड्यावरची एक बाई पोराले पाजता पाजता थांबली. सासूबाईंनी पदर तोंडाले लावला. गुंजननं माझी कोपरं घट्ट धरली होती.

"वहिनी, आवाज नीट येऊन नाही राह्यला," चारुदत्त म्हणाला. "काय खाता म्हणाल्या?"

मी परत सांगितलं. या वेळी मोठ्यानं.