शेवटच्या कडव्याआधीचा श्वास

लाइव्ह ऐकल्याशिवाय कुणी बँडबद्दल तोंड उघडू नये, असं माझं मत. आमच्या दादाचं नेमकं उलट. तो म्हणायचा, "अल्बम म्हणजे माणसाने दहादा विचार करून बोललेली गोष्ट. स्टेजवर काय, तोंडाला येईल ते बरळतात." मी म्हणायची, "बरळतो तेव्हाच माणूस खरं बोलतो." यावरून आम्ही शाळेत असल्यापासून भांडतोय. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, बहीण-भावात जमिनीचा वाद चालू आहे.

बँड मात्र दोघांचा एकच. त्यांच्या गायकाला आम्ही घोगऱ्या म्हणायचो. त्याचा गळा म्हणजे किसणीवर घासून आणलेला. पहिला अल्बम सोनं, यावर आमचं एकमत. दुसऱ्यात ड्रम वाजतात ते पत्र्याचा डबा बडवल्यासारखे. तिसऱ्यात कुणा दीडशहाण्याने व्हायोलिनं घुसडली आणि चांगल्या गिटारींचं मातेरं केलं. दादा त्याचीही बाजू घ्यायचा. "तीनदा ऐक, मग बोल." ऐकलं तीनदा. व्हायोलिनं होती तिथेच होती.

पण त्याचा जीव अडकला होता पहिल्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यात. शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात आणि घोगऱ्या श्वास घेतो. बस, एक श्वास. जरा अडखळलेला, रडू आवरून घ्यावं तसा. "हा ऐकू येईल का तुझ्या त्या गर्दीत?" दादा विचारायचा. मी म्हणायची, "येऊन तर बघ." तो कधी आलाच नाही.

दादा छापखान्यात मशीन चालवायचा. डावा कान त्या खडखडाटात कधीच गेला होता. आणि आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल, नाहीतर जिवावर बेतेल. आणि काढली की ऐकणं जाईल. थोडंथोडकं नाही, सगळं. वहिनी मटकन खाली बसली. दादाने मान डोलावली आणि विचारलं, "सोमवारी ऑपरेशन ना? म्हणजे रविवार माझा." डॉक्टर गोंधळले. मी नाही गोंधळले. रविवारी तो पहिला अल्बम ऐकणार होता. तो श्वास ऐकून मग कान मिटायचे, एवढंच त्याने ठरवलं होतं.

आणि नशिबाची थट्टा बघा, आदल्याच दिवशी, शनिवारी, बँड आमच्या शहरात. मी एक अक्षर बोलले नाही, वहिनीला विचारा हवं तर. दादाच म्हणाला, "मिरचे, आयुष्यभर डोकं खाल्लंस माझं. चल, शनिवारी समोरून ऐकतो, रविवारी घरी ऐकतो. एकदाचा निकाल लावून टाकू." डॉक्टरांनी कानात घालायला रबरी बोळे दिले आणि बजावलं, काही झालं तरी काढायचे नाहीत, एवढ्या आवाजाने कान बधिर होतो.

मैदान खचाखच भरलेलं. मी दादाच्या उजव्या हाताला उभी राहिले, कारण माझं बोलणं त्याला त्याच बाजूने ऐकू येतं. घोगऱ्या थकला होता, वरच्या पट्टीतलं सगळं लोकांकडून गाऊन घेत होता. मला रागच आला. आयुष्यभर याच्यासाठी भांडले आणि हा आज कामचुकारपणा करतोय! पण दादा वाकून म्हणाला, "वाईट नाही हं." त्याच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

मग ते गाणं सुरू झालं आणि दादाने कानातला बोळा काढला. मी त्याचा हात धरला. त्याने झटकला. "बोळ्यातून श्वास कसा ऐकू येणार, वेडे?"

वाद्यं थांबली. एवढं मोठं मैदान, पण चिडीचूप. टाचणी पडली असती तरी कळलं असतं. आणि मी आनंदाच्या भरात त्याच्या कानाला तोंड लावून ओरडले, "दादा, आता! आता ऐक!"

घोगऱ्याने श्वास घेतला असेल. मला काय माहीत! मग गिटारी कोसळल्या, लोक किंचाळले, आणि दादा माझ्याकडे बघून पोट धरधरून हसला. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "उद्या आहेच. अल्बममध्ये तू ओरडत नाहीस."

रविवारी मी गेले तर वहिनीने दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "सकाळपासून गप्प आहेत. काही विचारलं की नुसती मान हलवतात." आत त्याने रेकॉर्डची दुसरी बाजू नुकतीच लावली होती. मला बघून हाताने बस म्हणाला. अल्बम संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. मी बसले.

आवाज एवढा मोठा की काचा थरथरत होत्या. मोठ्याने लावतात ते अडाणी, असं म्हणणारा हा माणूस. डोळे मिटलेले, तोंडावर समाधान, पायाने ठेका. शेवटचं गाणं आलं. वाद्यं थांबली. तो श्वास खोलीभर झाला. अंगावर काटा आला माझ्या. मी दादाकडे पाहिलं. त्याचा पाय चालूच होता.

मग शेवटचं कडवंही संपलं. सुई नुसती खरखरत फिरायला लागली. पाय चालूच. पाठ असलेलं गाणं तो मनात म्हणत होता आणि मागे पडला होता. मला वाईट वाटू नये म्हणून ऐकल्याचं सोंग करत होता माझा भाऊ.

मला हुंदका आवरेना. त्याने डोळे उघडले. आधी फिरणारी रेकॉर्ड पाहिली, मग माझं तोंड.

"रात्रीपासून नुसती शिट्टी वाजतेय गं कानात," तो नको इतक्या मोठ्याने म्हणाला. मी तोंडात पदर कोंबला, तरी आवाज फुटतच होता, आणि वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. दादा उठला, माझ्या तोंडावरचा हात त्याने बाजूला केला.

"अगं रड, रड हवं तेवढं," तो म्हणाला. "मला कुठे ऐकू येतंय."