भिंतीत अडकलेली चादर

मित्रांनो, मी एका लाँड्रीतलं जुनं रोलर मशीन आहे. मला बघायला आलात, तर एका खेपेत मी पुरता दिसायचा नाही. माझं तोंड एका दुकानात आहे आणि पाठ दुसऱ्यात. मधून भिंत गेली आहे.

ही लाँड्री मुळात एकच, दोन बहिणींच्या वडिलांची. त्यांनी मला हौसेनं आणलं आणि हलू नये म्हणून बोल्टनं जमिनीत पक्कं बसवलं. माझ्या कामाला दोन माणसं लागतात. एकीनं ओलसर चादर माझ्या तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, दुसरीनं ती पलीकडून कडक होऊन निघाली की धरायची. मग दोघींनी चार टोकं पकडून एकमेकींकडे चालत यायचं, की घडी तयार. वडिलांमागे ताई चादर घालायची, धाकटी काढायची. लॉजच्या आणि हॉस्पिटलच्या चादरी ढिगानं यायच्या. आमच्या घडीचं लॉजचा मॅनेजरही तोंड भरून कौतुक करायचा, आणि तो काही गोड बोलणारा माणूस नव्हता.

मतं दोघींची पहिल्यापासून वेगळी. माझ्या डोक्यावरून रोज वाद चालायचा, पण पुढची चादर आली की तोंडं आपोआप मिटायची. मग निवडणूक आली. ताईनं दारावर एका पक्षाचा झेंडा लावला, तर धाकटीनं शेजारी दुसऱ्याचा. गिऱ्हाइकंही झेंडा पाहून कपडे द्यायला लागली. एकदा सगळ्यांसमोर ताई म्हणाली, "तुझ्यासारख्यांनीच सगळ्याचं वाटोळं केलंय." धाकटीनं हातातली चादर तशीच खाली टाकली. तेव्हापासून दोघींचा अबोला.

मग दुकानाची वाटणी झाली आणि गवंडी आला. भिंत बरोबर मध्यावर घ्यायची ठरली, आणि मध्यावर नेमका मी. या मशीनचं काय करू, असं त्यानं विचारलं. मला दुसरीच्या पदरात टाकायला एकीचीही तयारी नव्हती. बिचाऱ्यानं माझ्या भोवतीनं विटा रचल्या. बटण ताईकडे राहिलं, चादर बाहेर पडायची ती धाकटीकडे. दोघींनी साध्या इस्त्र्या हाती घेतल्या, पण एवढ्या चादरी हातानं कुठून होणार? लॉजनं काम काढून घेतलं. कपडे धुणाऱ्या बायका घरी बसल्या. मी सिमेंटची धूळ खात पडलो. कुरकुरायचं म्हटलं, तरी आधी कुणीतरी मला चालू करायला हवं.

परवा हॉस्पिटलचा माणूस ताईकडे गठ्ठे टाकून गेला. संध्याकाळपर्यंत झालं तर काम पुन्हा तुमचं, म्हणाला. ताई दुपारपर्यंत एकटी इस्त्री फिरवत राहिली. मग माझ्यापाशी आली, जरा घुटमळली आणि तिनं बटण दाबलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! चादर आत आली, अर्धी पलीकडे निघाली. धाकटीचे हात सवयीनं पुढे झाले. तिनं दोन्ही टोकं धरलीसुद्धा.

"धरतेस का गं?" ताईनं फटीतून विचारलं. "निम्मं काम तुझं."

धाकटीनं मागे वळून पाहिलं. तिच्या झेंड्याखालची दोन गिऱ्हाइकं बाकावर बसून बघत होती. तिनं टोकं सोडून दिली. चादर पुरती जायच्या आत ताईनं बटण बंद केलं. संध्याकाळी गठ्ठे तसेच परत गेले.

ती चादर अजून माझ्यात अडकून आहे. शटर ओढण्याआधी धाकटी आपल्याकडच्या टोकावरची धूळ झटकते, सुरकुत्या हातानं सारख्या करते. भिंतीपलीकडे ताईही रोज तेच करते. एकीचं दुसरीला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, पण मला त्यांच्याशी बोलता येत नाही, आणि याच्याइतकं जड ओझं माझ्यावर कधी पडलं नव्हतं.

मित्रांनो, तुमची मतं तुम्ही खुशाल ठेवा. मला काही भिंत पाडायलाही सांगायचं नाही, त्याला गवंडी लागतो. पण आपल्या माणसाशी अबोला धरून बसला असाल, तर तुमच्या हातातलं टोक एकदा जरासं ओढा. पलीकडे कळू दे, की तुम्ही अजून तिथेच उभे आहात.