हात तयार नाही

महाळुंगे पडवळच्या मळ्यातल्या आमच्या घरापासून शेजारचं घर हाकेच्या अंतरावर आहे, असं सासरे सांगायचे. त्यांचा आवाज मोठा होता. माझी हाक उसाच्या पलीकडे जात नाही.

नवरा, जालिंदर, नारायणगावहून टोमॅटोची गाडी भरून गुजरातेत जातो. आठ-दहा दिवसांनी घरी येतो, जेवतो, झोपतो आणि निघतो. घरी उरतो आम्ही दोघी, मी आणि आमची पोर दिशा.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या वाटेवरच्या उसात बिबट्याची मादी व्याली, तेव्हा मी पोरीला घरीच शिकवायचं ठरवलं. माझं डी.एड. झालेलं, नोकरी कधी लागली नाही. म्हटलं, ते ज्ञान घरीच खपवू. वाचायला ती सहा महिन्यांत शिकली. लिहायला मात्र मी बसवलं नाही. दुपारी भांडी झाली की ती गोष्ट सांगायची आणि मी वहीत उतरवून घ्यायची. मुंग्यांच्या घरचं लग्न, मेंढरं राखणाऱ्या रखमाजीमामांचा देवाशी भांडलेला बोकड, काय वाटेल ते. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं तर तेवढंच.

दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढली, दिशाने हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी पोराचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतात. मी पाटी पुसून फळीवर ठेवून दिली. जालिंदर बघत होता.

"आगं, सात वर्साची झाली पोर. आजून नाव लिवता येत न्हाई."

"हात तयार नाही तिचा. बोटांत बळ यावं लागतं. घाई केली की अक्षर बिघडतं."

"गवार तोडती ती माझ्यासंगं. भाकरी थापती. आजून कंचं बळ पायजे?"

मी डी.एड.चं पुस्तक काढलं, तेव्हा तो उठून गाडीला हार घालायला गेला. पुस्तकात तसं होतंही, पण चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी. शिवाय तो ऊस कधीच तुटला होता, आणि शाळेची गाडी आता आमच्या रस्त्यापर्यंत येत होती.

दिवाळीनंतर घास कापायच्या विळ्याला धार लावताना तो उजव्या हाताच्या बोटावर बसला. तीन टाके पडले. दुपारी दिशा वही घेऊन आली.

"बोट बरं झालं की लिहू," मी म्हटलं.

"तवर मी इसरंल. मला शिकव ना. का शिकवत न्हाईस तू?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. हिला लिहिता आलं की ही वहीशी बोलेल, माझ्याशी नाही. आई म्हणवणारी बाई इतकी हावरट असते, हे कबूल करायला मला बोट कापून घ्यावं लागलं.

त्याच दुपारी तिच्या हातात पेन्सिल दिली. महिन्याभरात ती वाक्यं लिहू लागली. हात तयारच होता, कधीचा. आणि मी ज्याला भ्याले तेच झालं. ती माझ्याकडे पाठ करून लिहीत बसायची, मी लसूण सोलत बसायची. काय लिहितेस विचारलं की म्हणायची, "थांब की जरा."

माघात एके दिवशी जालिंदरचा खुंटीवरचा शर्ट धुवायला घेतला. खिशात वहीचा कागद होता.

"पप्पा, लवकर या. आईशी बोलायला कोणी नाही. मी रोज गोष्ट सांगायचे म्हणजे ती हसायची. आता मला गोष्टी सुचत नाहीत. म्हणून मी लिहिते असं दाखवते."

मी धुण्याच्या दगडावर बसून रडले. मला वाटत होतं मी तिला शिकवतेय, आणि ती पोर दोन वर्षं मला सांभाळत होती. कागद होता तसा खिशात ठेवला, शर्ट परत खुंटीला लावला.

सोमवारी तिला शाळेच्या गाडीवर सोडायला गेले. मास्तरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. रस्त्यावर उभी असताना तिने विचारलं, "दुपारी तू काय करशील?"

"मला लई कामं आहेत."

"कंची?"

मी काम शोधत होते तेवढ्यात गाडी आली. दिशा चढली, खिडकीशी बसली. शेजारच्या मुलीने तिला काहीतरी विचारलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत दिशा हात हलवून हलवून बोलतच होती, आणि तिने एकदाही मागे पाहिलं नाही.