तळघरातला जावई

म्हातारा सांगायचा, की एकदा डोंगराला शिंक आली आणि त्याची टोपी उडाली ती थेट पलीकडच्या खोऱ्यात जाऊन पडली. तिथे ती एका बोकडाने घातली आणि तो बोकड पुढे मरेपर्यंत कळपाचा मुकादम म्हणून मिरवला. ऐकणाऱ्याने हसावं अशी म्हाताऱ्याची अपेक्षा नसे. टोपी बोकडाला कानांपाशी किती सैल व्हायची, हेही तो गंभीर चेहऱ्याने सांगे. अशा बापाच्या घरी जन्मलेल्या लेकीपुढे दोनच वाटा होत्या. एक तर थापा मारायला शिकायचं, नाहीतर बापाला खोटं पाडायचं. तिने दुसरी वाट धरली आणि ज्वालामुखीची शास्त्रज्ञ झाली.

डोंगर म्हणजे ज्वालामुखी, हे एव्हाना ध्यानात आलंच असेल. डोक्यावर धुराची एक विरळ शेंडी सोडली तर तो कैक वर्षं गप्प होता. वर, जिथे झाडं संपून नुसता काळा खडक सुरू होतो, तिथे म्हाताऱ्याचं एकुलतं एक घर. खाली खोऱ्यात गाव आणि गावाच्या टोकाला वेधशाळा. नाव भारदस्त, पण होत्या तीन खोल्या, त्यातल्या एकीत गळकं छप्पर आणि तिच्यातच महागडी यंत्रं.

डोंगराचे हादरे मोजायला तीन ठिकाणी कंपनमापक लावले होते. एकावर वीज पडली. दुसऱ्याची वायर कोल्ह्यांनी कुरतडली, आणि ती बदलायला जायची वाट दरडीखाली गेली. तिसरा होता म्हाताऱ्याच्या तळघरात. अशा यंत्राला लागतं काय, तर खाली सलग खडक, कोरडी जागा, वीज आणि चोरांपासून आडोसा. हे सगळं म्हाताऱ्याकडे होतं. लेक यंत्र खडकावर बसवत होती तेव्हा तो तळघराच्या पायरीवर बसून बघत होता.

"हा काय करतो?"

"ऐकतो."

"खातो काही?"

"नाही."

"उलट बोलतो?"

"नाही, बाबा."

"मग असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही," म्हातारा म्हणाला. लेकीने लग्न केलं नव्हतं आणि करायचं तिच्या मनातही नव्हतं, त्यामुळे जावयाची गादी यंत्राला कायमची मिळाली.

जावई कानाचा फार तिखट. डोंगराच्या पोटात खडक तडकला तर त्याला कळे, आणि वर म्हातारा खुर्चीवरून उठला तरी कळे. म्हातारा तरुणपणी खाणीत सुरुंग लावायचा. तिथे एक दगड त्याच्या गुडघ्यावर बसला होता, म्हणून त्याचं एक पाऊल भारी, एक हलकं, आणि मग काठी. वेधशाळेतल्या पडद्यावर ती चाल लख्ख उमटायची. मोठी उडी, छोटी उडी, टोचा.

"बाई, वडील चहाला उठले," गंधक म्हणायचा. गंधक म्हणजे वेधशाळेतला रसायनवाला. डोंगराच्या भेगांमधली वाफ बाटल्यांत भरून आणायची आणि झऱ्यांचं पाणी तपासायचं, हे त्याचं काम. त्याच्या अंगाला सडक्या अंड्यांचा असा वास यायचा, की घरी त्याच्या कपड्यांजवळून मांजरसुद्धा श्वास धरून जायची. "आज तिसरी फेरी. पोट ठीक आहे ना त्यांचं?"

सगळे हसायचे, एक वेधशाळेचे साहेब सोडून. वरिष्ठांकडे जाणाऱ्या हादऱ्यांच्या रेघेत म्हाताऱ्याचा चहा जात होता. एकदा त्याने लाकडं फोडायला घेतली तेव्हा धोक्याचा भोंगा वाजला आणि सारा गाव चपला न घालता रस्त्यावर आला.

"एक तर यंत्र हलवा, नाहीतर वडील हलवा," साहेब म्हणाले.

यंत्राला दुसरी जागा नव्हती. म्हणून लेक वडील हलवायला वर गेली. खरं सांगायचं तर तिला ते निमित्तच मिळालं होतं. बाप एकटा त्या खडकावर आहे, हे तिला कायम खुपायचं.

"माझ्याकडे चला. दोन खोल्या आहेत, ऊन येतं."

"आणि जावयाकडे कोण बघणार?"

"तो राहतो एकटा."

"जावई वर एकटा आणि सासरा लेकीकडे पाय पसरून? लोक तोंडात शेण घालतील."

"बाबा, मस्करी पुरे. डोंगर जागा झाला तर धावता येणार आहे का तुम्हाला?"

"जागा व्हायच्या आधी तो सांगेल की. एवढ्यासाठीच ठेवलाय ना?"

म्हातारा असा शब्दाशब्दाला निसटत राहिला, अंगाला तेल लावलेल्या मल्लासारखा. शेवटी लेकीचा तोल गेला.

"तुमचं चालणं म्हणजे आमच्या कामात नुसता कचरा आहे. कळतंय का?"

हा त्यांच्या धंद्यातला शब्द. नको असलेल्या हादऱ्यांना वेधशाळेत सगळे कचराच म्हणत. ट्रक कचरा, वारा कचरा, गुरं कचरा. पण म्हातारा काही वेधशाळेत नोकरीला नव्हता. "बरं," एवढंच म्हणाला, आणि काठीच्या टोकाची माती नखाने काढत बसला.

खाली येऊन लेकीने गाळणी लिहिली. ठरावीक अंतराने उमटणारे, लहान, जवळचे हादरे म्हणजे पावलं. ती उचलायची आणि फेकून द्यायची, असं तिने संगणकाला शिकवलं. उरेल ती रेघ साहेबांच्या मोठ्या पडद्यावर जाई, तिथून वरिष्ठांकडे आणि भोंग्याकडे. साहेब इतके खूश झाले की त्यांनी जुन्या सगळ्या नोंदीही त्याच गाळणीतून काढून घेतल्या. वर्षानुवर्षांचा चहा आणि लाकडं एकाच दुपारी साफ झाली.

न गाळलेली कच्ची रेघ लेकीने फक्त आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात ठेवली, तळहाताएवढ्या चौकटीत. ती कामासाठी नव्हती. भांडणानंतर बापलेकीचा फोन बंद होता. आधी त्याने करावा म्हणून ही थांबली, आणि तो तर तिचाच बाप. पण सकाळी आल्या आल्या कोपऱ्यात मोठी उडी, छोटी उडी, टोचा दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. चालतायत ना, मग झालं. रुसवा काय, आज ना उद्या उतरेल.

पहिले काही दिवस उड्या फार बारीक होत्या. टोचा तर मऊ पडला होता, जसा काही काठीच्या टोकाला चिंध्या बांधल्यात. म्हातारा कचरा कमी करत होता. हे ध्यानात आलं तेव्हा तिचा हात फोनकडे गेला. तिने फोन उचललासुद्धा. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, आणि ठेवलेला फोन ठेवलेलाच राहिला.

मग एका सकाळी पावलं जोरात आली. ठसठशीत, एकापाठोपाठ एक.

"राग पायात उतरलाय बरं का, बाई," गंधक मागून वाकून म्हणाला.

"उतरू दे. तिथून निघून जाईल." लेकीला हसू आलं. बाप आपल्यावर पाय आपटतोय म्हणजे बोलायला लागलाच की एका अर्थी.

"पण लंगडणं कुठे गेलं हो? पाऊल सारखंच पडतंय."

"गुडघ्याला बरं असेल. ऊन पडतंय ना."

म्हातारे गुडघे उन्हाने सुधारत नसतात, हे तिलाही ठाऊक होतं. पण मनाला जे हवं असतं ते डोळे मुकाट्याने आणून देतात, शास्त्रज्ञाचे असले म्हणून काय झालं.

त्याच दिवशी गंधक झऱ्यावरून आला तो बोटांवर फुंकर घालत. "साहेब, खालच्या झऱ्यात हात घालवत नाही. वाफेलाही वास वाढलाय."

"तुला वास कळतो अजून?" साहेब म्हणाले. "मोजायची नळी बिघडली असेल, बदलून घे. इकडे बघ, रेघ कशी आहे. आरशासारखी."

रेघ खरोखरच आरशासारखी होती.

दुसऱ्या दिवशी पावलं आणखी जड झाली, भराभर पडायला लागली. दुपारी गंधक लेकीच्या टेबलापाशी डबा खात बसला होता. खाता खाता त्याचा हात थांबला.

"बाई, एक विचारू? तुमचे वडील आज बसले कधी?"

"म्हणजे?"

"मी आल्यापासून बघतोय. चहाला थांबले नाहीत. खुर्ची ओढली नाही, दार वाजलं नाही. आणि काठी कुठाय?"

लेकीने चौकटीकडे पाहिलं. मोठी उडी, मोठी उडी, मोठी उडी. टोचा नव्हता. कधीपासून नव्हता, हे तिने पाहिलंच नव्हतं.

तिने फोन लावला. वर फोन दाराशेजारी होता आणि म्हाताऱ्याची खुर्ची खिडकीपाशी. फोन वाजला की तो त्याला शिव्या देत उठायचा, घाईघाईने खोली ओलांडायचा आणि थांबायचा. ते उठणं, ती घाई, ते थांबणं तिने रेघेवर कितीदा तरी बघितलं होतं. आता कानाला फोन लावून ती चौकटीकडे बघत राहिली. तिकडे घंटा वाजत होती. रेघेवर पावलं पडत होती. ती फोनकडे वळली नाहीत, थांबली नाहीत, दचकलीसुद्धा नाहीत.

"जीप काढ," ती म्हणाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, मान किंचित कलती, एखाद्या थापेचा शेवट आठवत असल्यासारखी. लेकीने हाताला हात लावला आणि काढून घेतला. गंधकने टोपी काढली, आणि काय करावं न सुचून परत घातली. मांडीवर काठी आडवी होती, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. पायांत दोन-दोन जाड मोजे, एकावर एक चढवलेले.

शेजारी चहाचा कप होता, सायीवर धूळ बसलेला. त्याच्या बशीत चमचा होता आणि तो वाजत होता. टिण. मग थोडं थांबून, टिण. खोलीत कुणी चालत नव्हतं. हादरा लेकीच्या तळव्यांना खालून येत होता, फरशीतून, खडकातून, एका मापाने.

पुस्तकात तिने हे वाचलं होतं, शिकाऊ मुलांना शिकवलंही होतं. घट्ट झालेला लाव्हा बाटलीच्या बुचासारखा अडकत, सुटत वर सरकतो, आणि दर सुटण्याला एक ठोका देतो. ठरावीक अंतराने उमटणारे, लहान, जवळचे हादरे. तिने स्वतःच्या हाताने ते फेकून द्यायला शिकवलं होतं.

तिने साहेबांना फोन लावला. "गाळणी काढा."

"वडील कसे आहेत?"

"बसलेत. कधीचे बसलेत." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चालतोय तो डोंगर आहे, साहेब. भोंगा वाजवा."

मग खाली खोऱ्यातून भोंगा वर आला.

"बाई, वेळ नाही," गंधक म्हणाला.

"खुर्ची उचल."

त्याने वाद घातला नाही. दोघांनी म्हाताऱ्याला खुर्चीसकट जीपच्या मागच्या मोकळ्या भागात चढवलं आणि दोराने बांधलं. उतारावर जीप हिंदकळली की म्हातारा मान डोलवायचा. खाली रस्ता माणसांनी भरला होता. गाठोडी, कोंबड्या, गाद्या, एकाच्या डोक्यावर शिवणयंत्र. म्हाताऱ्याला वाहनात ताठ बसलेला बघून बऱ्याच जणांनी गर्दीतून हात वर केला.

"आला बाबा एकदाचा खाली," एकजण ओरडला. "काय म्हातारबा, उतरला का रुसवा?"

म्हाताऱ्याने उत्तर दिलं नाही.

"अजून फुगलाच आहे," तो माणूस बायकोला म्हणाला आणि गाठोडं सावरत पुढे गेला.

डोंगर फुटला तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. वरचं घर गेलं, तळघर गेलं. जावई शेवटपर्यंत ऐकत होता, आणि मग एकाएकी गप्प झाला. लोकांनी वेधशाळेचे आभार मानले. साहेब लेकीला गाळणीबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांनी बोलावं असं तिला फार वाटायचं.

पुढे अहवालासाठी तिला त्या शेवटच्या कच्च्या रेघेवर खुणा करायला बसवलं. प्रत्येक हादऱ्यापुढे डोंगर किंवा कचरा, दोनातलं एक लिहायचं. तेव्हा तिला दिसलं, की एका दिवसाचा काही भाग ते दोघे एकदमच चालले होते. मोज्यातली मऊ पावलं आणि खालची जड पावलं, एकमेकांत मिसळलेली. त्यात कुठेतरी मऊ पावलं संपत होती. कुठे, ते दर वेळी बघताना वेगळं वाटायचं.

"बाई, एवढ्या भागापुढे काय लिहायचं?" गंधकने हळूच विचारलं.

तिने गाळणी उलटी करून पाहिली. डोंगर फेकून दे आणि म्हातारा ठेव, असं संगणकाला शिकवलं. संगणक आज्ञाधारक. तो बराच वेळ गुरगुरला, आणि त्याला फरक न कळल्यामुळे त्याने दोघांनाही फेकून दिलं. पडद्यावर रेघ उरली, इकडून तिकडे सरळ, आरशासारखी.