एक प्रश्न जास्त

"साहेब, वकील बोलत असताना तुम्हाला झोप लागायची का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज सोडेल ती भिंगरी कसली. शाळेत आलेले निवृत्त न्यायाधीश पोट धरून हसले.

"झोप नाही गं, कीव यायची. दिवाणी दाव्यात साक्षीदार कधी कधी वकिलाला हवं तेच बोलून जातो. तिथे त्याने गुपचूप खाली बसावं. पण जिभेला हाड नसतं ना. आणखी एक प्रश्न विचारतो आणि हातचं घालवतो."

भिंगरीने घरी येऊन हे बाबांना ऐकवलं. बाबा वकील.

"आता तू शिकव मला वकिली," ते म्हणाले.

"ऐका जरा तिचं," आई म्हणाली. "माझ्या बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर आहे ते."

बाबा लढवत होते तो दावा मावशीवरच होता. पुढे तिचं शिवणकामाचं दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड. जागेचा मालक म्हणे, दुकान कायम बंदच असतं, जागा खाली करा.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेला दांडी मारून मावशीसोबत कोर्टात गेली. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. मालकाचा साक्षीदार म्हणजे समोरच्या दुकानातला चष्मेवाला. बाबांनी त्याला गोडीगुलाबीने घोळात घेतलं.

"तुमच्या दुकानातून यांचं दुकान दिसतं?"

"समोरच दिसतं."

"मग खरं सांगा, उघडं असतं की बंद?"

चष्मेवाल्याने मालकाकडे पाहिलं, मान खाजवली. "उघडं असतं. रोज."

मालकाचा चेहरा खर्रकन उतरला. भिंगरीला शिट्टी मारावीशी वाटली. बसा बाबा, खाली बसा, ती मनात घोकत होती. बाबा मात्र रंगात आले होते. शेजारी मावशी पांढरीफटक पडली.

"बस करा ना आता, भाऊजी," ती पुटपुटली. ते पुढे कुठून ऐकू जाणार?

"म्हणजे माझ्या अशील रोज तिथे बसून शिवतात?"

"छे, त्यांचे गुडघे गेलेत. त्या मागे पडून असतात. दुकानात दुसराच शिंपी बसतो. भाड्याने दिलंय ना त्याला."

न्यायाधीशबाईंनी ते शांतपणे टाइप करायला सांगितलं. परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, हेही कारण आता दाव्यात घालू द्या, म्हणत मालकाचा वकील उठलाच. बाबा उभेच होते, तोंड उघडं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. मावशीने लाजेपोटी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. भिंगरीने मावशीचा हात धरला. दुसरं करण्यासारखं काय होतं?

घरी कोणी जेवलं नाही.

"आता अवघड आहे," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. आईने वाढलेली ताटं उचलून आत नेली.

भिंगरी दारात उभी राहिली. रडून डोळे सुजले होते, आवाज मात्र खणखणीत.

"निकाल लागेल तेव्हा लागेल. मावशी आजपासून माझ्या खोलीत राहील. मी विचारत नाहीये, सांगतेय."