मालवण बंदरात सगळं लोखंड

१९६४ च्या मे महिन्यात सुगंधा रजेवर तारकर्लीला आली, तेव्हा पंधरा दिवस यंत्राचं नावही काढायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मुंबईच्या एका आगबोट कंपनीत ती मशीनखात्यात होती. बोटीत चढणाऱ्या प्रत्येक डागाचं, म्हणजे प्रत्येक नगाचं, आकड्यांची भोकं पाडलेलं एक कार्ड असे. कार्डं यंत्रात घातली की यंत्र प्रत्येक डागासाठी बंदराच्या नावाची चिठ्ठी छापी. ती चिठ्ठी डागावर चिकटे आणि तिच्यावरचं नाव बघून खलाशी माल उतरवत.

तिचे मामा गंगाराम मालवण बंदरात त्याच कंपनीचे कारकून होते. एका दुपारी ती त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेली, तर शेडपुढे ही गर्दी! दोन बोटी येऊन गेल्या होत्या आणि कुणाचा माल कुणाला मिळत नव्हता. कापडवाले आवाज चढवून बोलत होते. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर मात्र पुन्हा पुन्हा शेडच्या दारात डोकावत होते. देवबागेत विषमज्वराचे अकरा रोगी होते आणि औषधाचं खोकं आलंच नव्हतं. गंगारामनं माल परस्पर लांबवला, असं लोक उघड म्हणू लागले होते. मुंबईला तार केली, तर उत्तर आलं की यंत्र दोनदा तपासलंय, ते ठीक आहे, बंदरावरच लक्ष द्या.

मामा मान खाली घालून याद्या चाळत होते. सुगंधा शेडमध्ये शिरली. खिळ्यांची पोती, घमेली, कुदळी, नांगरांच्या साखळ्या, कोयत्यांचे जुडगे. शेवटपर्यंत जाऊन ती परत आली.

"मामानू, ह्यात लोखंड सोडून दुसरा काय आसा?"

मामांनी वर पाहिलं. "काय नाय गो. दोनय बोटींतसून सगळा लोखंडच इला."

सुगंधा मनात आकडे जुळवू लागली. कंपनीच्या हिशेबात मालवणचा आकडा चार होता. लोखंडी मालाचा आकडाही चारच. बंदराचा आकडा कार्डाच्या एकविसाव्या रकान्यात असे आणि मालाच्या जातीचा बाविसाव्या. यंत्र बंदर म्हणून बाविसावा रकाना वाचत होतं! यंत्र बिघडलं नव्हतं, त्याला जे सांगितलं होतं तेच ते इमानानं करत होतं. कुठला रकाना वाचायचा हे ठरे एका फळीवर. तिच्यातल्या शेकडो भोकांत तारा खोचलेल्या असत, आणि त्यांतली एक तार शेजारच्या भोकात गेली होती.

मग औषधं? औषधांचा आकडा दोन, आणि दोन म्हणजे विजयदुर्ग.

ती धावतच बाहेर आली. "डॉक्टर, तुमचं खोकं विजयदुर्गच्या शेडमध्ये आहे."

डॉक्टरांनी विचारलं, कुणी सांगितलं? कुणी नाही, पण तिथंच असणार, असं ती इतक्या खात्रीनं म्हणाली की त्यांनी मामांना लगेच तिकडे तार करायला लावलं.

आता मुंबई. पुढच्या बोटीच्या चिठ्ठ्या चार वाजता छापायला घेत, आणि अडीच वाजून गेले होते. ती झपाझप पोस्टाकडे निघाली. वाटेत एकाएकी तिचे पाय थबकले. ही नवी फळी तारा खोचून लावली कुणी? तिनंच. रजेच्या आदल्या संध्याकाळी, एक डोळा घड्याळावर ठेवून. मामांवर आलेला आळ तिच्याच बोटांतून आला होता.

ट्रंककॉल लागायला पावणेचार झाले. खोलीभर लोक ऐकत होते. तारांच्या खरखरीतून सुपरवायझर पालेकरांचा त्रासलेला आवाज आला: यंत्र तपासून झालंय. नुसतं फळी बघा म्हणून तिला फोन ठेवता आला असता.

"साहेब, यंत्र नको, फळी बघा," ती ओरडून म्हणाली. "बंदराची तार बाविसाव्या भोकात असेल. ती एकविसाव्यात घाला. ती फळी मी लावली होती. चूक माझी आहे, गंगाराम कारकुनांची नाही."

पलीकडे पावलांचा आवाज, कुणाला तरी हाक. तीन मिनिटं संपत आल्याचं ऑपरेटर सांगत असतानाच पालेकर परत आले.

"बाविसाव्यातच होती," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सुगंधाबाई, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?"

फळी लावली की आधी दहा ओळखीची कार्डं घालून बघायची, हे तिनं लाइन तुटता तुटता सांगितलं. बाहेर आली तेव्हा पाठ घामानं भिजली होती, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. ती तशीच शेडकडे गेली आणि जमलेल्या माणसांसमोर चूक कुणाची ते तिनं सांगून टाकलं. कापडवाल्यांतला एक जण मामांना पाणी आणायला गेला.

संध्याकाळी विजयदुर्गची तार आली: खोकं सापडलं. सकाळच्या एसटीनं ते कसालला आलं, तिथून मालवणच्या गाडीत चढलं, आणि जेवणवेळेच्या आत डॉक्टर ते घेऊन देवबागेला गेले.

शनिवारी बोटीनं भोंगा दिला तेव्हा सुगंधा मामांच्या शेजारीच उभी होती. बोटीवरून माल आणणारा पहिला पडाव धक्क्याला लागला. त्यात कापडाचे गठ्ठे होते, साबणाची खोकी होती, काचेच्या बरण्या होत्या, आणि एका कोपऱ्यात जेमतेम दोन पोती खिळे. मामांनी वाकून कापडाच्या गठ्ठ्यावरची चिठ्ठी वाचली, मग साबणाच्या खोक्यावरची, मग बरणीवरची.

"मालवण," ते म्हणाले, "मालवण. ही पण मालवणच गो!"